मदत हवी आहे: एकाच आईची मुलं, हिपॅटायटिस बी मात्र प्रत्येकात वेगळा

नमस्कार. आईला क्रॉनिक (शरीरात कायम राहिलेला) हिपॅटायटिस बी निघाला म्हणून आम्हा भावंडांच्याही तपासण्या झाल्या. दादा आणि ताई दोघंही एचबीएसएजी (विषाणूचं पृष्ठभागावरचं प्रथिन, म्हणजे सध्या लागण असल्याची खूण) पॉझिटिव्ह. दादाच्या यकृतात फायब्रोसिस (व्रण पडून यकृत कडक होणं) सुरू झालाय, ताईचं एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) मात्र कायम नॉर्मल. माझं एचबीएसएजी निगेटिव्ह, पण अँटी-एचबीसी (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह, म्हणजे विषाणू येऊन गेला.

जन्माच्या वेळी लागण झाली तर सुमारे ९० टक्के बाळांमध्ये ती कायमची राहते, मोठेपणी झाली तर ५ टक्क्यांहून कमी जणांत. तेव्हा लागणीचं वय महत्त्वाचं, हे पटतं. पण विषाणूचे तुकडे टी पेशींसमोर (विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) धरणारी प्रथिनं एचएलए जनुकांवरून बनतात, आणि त्यातल्या एचएलए-डीपीमधल्या फरकांचा या आजाराशी संबंध आढळला आहे. आमच्यातला फरक त्यामुळे असेल का? आईला सारखं वाटतं की तिनेच मुलांना हे दिलं. तिला नीट समजावता यावं, ही मनापासून इच्छा आहे.

अशी जनुकीय तपासणी करून दादाच्या उपचारात खरंच काही बदलतं का? की एचबीव्ही डीएनए (रक्तातलं विषाणूचं प्रमाण), ई-अँटिजेन (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) आणि फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) यांवरच लक्ष ठेवावं? ताईला औषध नाही, तरी तिची सोनोग्राफी किती दिवसांनी करावी?

आणखी एक. दादाच्या मुलीला विषाणूची लागण नाही, पण लसीचे तिन्ही डोस होऊनही तिचं अँटी-एचबीएस (लसीने येणारी संरक्षक अँटीबॉडी) १० च्या खाली, म्हणजे संरक्षणाला अपुरं आहे. डॉक्टर पूर्ण कोर्स पुन्हा द्यायचं म्हणतात. कुणाच्या मुलांना दुसऱ्या कोर्सनंतर अँटीबॉडी आल्या का? यकृततज्ज्ञ किंवा इम्युनॉलॉजीतलं कुणी असेल तर कृपया लिहा.