बोलती पुस्तकं ही चैन होती का? हेलन केलर यांच्या विरोधाबद्दल

कानसेन:
१९३३ साली अमेरिकेत अंधांसाठी पुस्तकं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करायची तयारी चालली होती. स्वतः अंध आणि बहिऱ्या असलेल्या लेखिका हेलन केलर यांनी त्या कामाला पाठिंबा नाकारला. ऐन मंदीत लाखो लोक बेकार असताना ही चैन आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. ब्रेल सफाईने वाचणारे अंध तेव्हाही थोडेच होते. मोठेपणी दृष्टी गेली की बोटांना ते वळण लागणं महाकठीण. इंग्लंडमध्ये हे काम उचलून धरणारे इयन फ्रेझर यांची दृष्टी पहिल्या महायुद्धात, १९१६ साली सोमच्या लढाईत गेली. त्यांच्यासारख्या सैनिकांनी काय करायचं होतं? साध्या तबकडीची एक बाजू चार-पाच मिनिटांत संपायची. इंग्लंडमध्ये वेग मिनिटाला २४ फेऱ्यांवर आणून एका बाजूवर २५ मिनिटं बसवली, तरी एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागत. १९३५ साली तिथल्या पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची रहस्यकथा होती, हे मला फार आवडतं. अंधांनी फक्त बोधपर वाचावं, असं कुणी ठरवलं नाही.

बाराखडी:
असहमत. अमेरिकेत सुरुवातीला तबकड्या सरकारी ग्रंथालयाकडून मिळत, पण त्या वाजवायचं यंत्र ज्याचं त्याने मिळवायचं. ज्याची चूल पेटत नाही त्याने यंत्र कुठून आणायचं? केलरबाईंना ऐकू येत नव्हतं म्हणून त्यांना महत्त्व कळलं नाही, असंही लोक म्हणतात. तो अन्याय आहे. त्या पोटापाण्याबद्दल बोलत होत्या.

सहा ठिपके:
मी लहानपणापासून ब्रेलवर वाचतेय, म्हणून थोडं वेगळं. पात्राचं नाव कसं लिहितात, परिच्छेद कुठे तुटतो, हे ऐकून कळत नाही. तबकडीवर मागचं एक वाक्य पुन्हा हवं असेल तर सुई अंदाजाने ठेवायची. ब्रेलमध्ये बोट दोन ओळी वर नेलं की झालं. आणि एकदा ‘ऐकायची सोय आहे ना’ म्हटलं की मुलांना ब्रेल शिकवायचा कंटाळा केला जातो. हे मी शाळेत पाहिलंय.

कानसेन:
@सहा ठिपके, मुलांच्या बाबतीत पूर्ण मान्य. मुलांना ब्रेल हवीच. मी साठीत दृष्टी गेलेल्या माणसाबद्दल बोलतोय. आणि त्या तबकड्यांच्या लेबलवर नाव ब्रेलमध्येच असे, म्हणजे बनवणाऱ्यांनी ब्रेल मोडीत काढली नव्हती.
@बाराखडी, केलर यांनी पुढे मत बदललं. १९३५ साली रूझवेल्ट सरकारच्या रोजगार योजनेतून ही यंत्रं बनू लागली आणि त्यासाठी त्यांनीच शब्द टाकला. त्या कामावर काही अंध कामगारही होते.

बाराखडी:
मग हा माझाच मुद्दा झाला की! यंत्रं सरकारी खर्चाने बनून अंधांना विनामूल्य वापरायला मिळू लागली, वर काहींच्या हाताला काम मिळालं. केलरबाईंचा आक्षेप दूर झाला, तेव्हा त्या सोबत आल्या. १९३३ साली यातलं काय होतं?