१ टीबीतले ६९ जीबी गेले कुठे?

हिशेबी: काल १ टीबीची हार्ड डिस्क आणली. विंडोज दाखवतंय ९३१ जीबी. दुकानदार हसून म्हणे, "सगळ्यांनाच तेवढी दिसते." सगळ्यांना गंडवलं की ती फसवणूक उरत नाही का? बनवणारे बदमाश, हे माझं ठाम मत.

कोरडा_भात: एक बाइटही कमी नाही हो. खोक्यावरचा १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, आणि तेवढे तुम्हाला मिळालेत. विंडोज त्यांना तीनदा १०२४ ने भागतं आणि पुढे बिनदिक्कत 'जीबी' लावतं. त्या एककाला 'जिबीबाइट' हे वेगळं नाव आयईसीने (मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १९९८ मध्येच ठरवलंय. किलो म्हणजे हजार, हे तर १७९५ पासूनचं.

जुनी_फ्लॉपी: किबी, मेबी, जिबी! बारशाला पेढे वाटले का? दुकानात जाऊन "१६ जिबीबाइट रॅम द्या" म्हणून बघा. अहो, मेमरीतल्या जागेचा पत्ता सांगणाऱ्या १० तारांनी १०२४ जागा गाठता येतात. तार वाढली की जागा दुप्पट होतात, म्हणून १०२४ ला किलो म्हणायची रीत पडली. कळायचं त्याला कळतं.

कोरडा_भात: किलोला फरक २.४ टक्के होता, खपून गेला. टेराला, म्हणजे टीबीला, तो जवळपास १० टक्के झालाय. आणि तुमच्या नावातली फ्लॉपी? तिचे '१.४४ एमबी' म्हणजे १४४० गुणिले १०२४ बाइट. हा मेगा ना दहाचा, ना दोनाचा. कळलं का कुणाला?

सराफकट्टा: आमच्याकडे हेच तोळ्याचं. खरा तोळा ११.६६ ग्रॅम, पण गिऱ्हाईक आज १० ग्रॅमलाच तोळा म्हणतं. भांडण होत नाही, कारण पावती ग्रॅममध्ये असते. आजीच्या "पाच तोळ्यांच्या" पाटल्या मोडायला आल्या की मात्र जुना तोळा का नवा, ते आधी विचारावं लागतं.

जुनी_फ्लॉपी: म्हणजे पावतीवर बाइट मोजून लिहायचे? बारा शून्यं?

हिशेबी: हीच डिस्क भाच्याच्या मॅकला लावली. पूर्ण १ टीबी! २००९ पासून मॅक हजारानेच भागतो म्हणे. ठीक, 'बदमाश' मागे घेतो. पण खोक्यावर ९३१ हा आकडाही ठळक छापा.

कोरडा_भात: मग मॅकवाले ६९ जीबी फुकट मिळाले म्हणून नाचतील.