महोत्सवाचा आर्थिक परिणाम मोजायचा कसा?

प्रश्न: ३ दिवसांच्या शास्त्रीय संगीत महोत्सवामुळे गावात किती पैसा आला, हे कसं काढतात? तिकीटविक्री धरली की पुरे?

उत्तर १: नाही. दारावर दर २०व्या श्रोत्याला विचारा: कुठून आलात, महोत्सवासाठीच आलात का, मुक्काम-जेवणावर खर्च किती? स्थानिकांचा खर्च धरू नका. तो एरवीही गावातच झाला असता. बहुतेक अहवाल इथेच फुगतात.

उत्तर २: मंडप, ध्वनियंत्रणा बाहेरून आणली असेल तर ते बिलही वजा करा, कारण तो पैसा गावाबाहेर जातो.

उत्तर ३: पैशाचं झालं, पण वेळापत्रकही बघा. फक्त संध्याकाळची सत्रं ठेवली की यमन, मारवा हे संध्याकाळचे रागच पुन्हापुन्हा. सकाळचा तोडी, दुपारचा भीमपलासी गायबच! नवोदितांना किमान ४० मिनिटं द्या. १५ मिनिटांत विलंबित ख्याल (संथ लयीतलं रागगायन) धड उभाही राहत नाही.