मदत हवी आहे : वृद्धाश्रमातल्या देखभालीची तक्रार कुठे करायची?

नमस्कार मंडळी. माझी आत्या पुण्याजवळच्या एका खासगी वृद्धाश्रमात आहे. पक्षाघातानंतर तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही. रविवारी चादर सरळ करताना माकडहाडापाशी जखम दिसली, सालपट निघालेलं, कडेने काळपट. बेडसोअर, म्हणजे एकाच स्थितीत पडून राहिल्याने होणारी जखम. अशा रुग्णाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, पण रात्री अख्ख्या मजल्याला एकच मावशी. ती बिचारी किती जणांना पुरणार? माझा राग तिच्यावर नाहीच, माणसं न नेमणाऱ्यांवर आहे. कूस बदलल्याची नोंद मागितली तर 'साहेब आल्यावर बघू' म्हणतात.

डॉक्टरांना दाखवलंय, एअर बेडही आणलाय. ज्येष्ठांसाठीची १४५६७ हेल्पलाइन आणि २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा माहीत आहे; पण लेखी तक्रार समाजकल्याण कार्यालयात द्यायची की प्रांताधिकाऱ्यांकडे? कुणी दिली असेल तर पुढे काय झालं? तक्रारीचा राग आत्यावर निघेल, ही मोठी धास्ती आहे.

अंथरुणाला खिळलेल्यांना नीट सांभाळणारी, रात्रीही नर्स असणारी जागा पुणे-सातारा भागात स्वतः पाहिली असेल तर कृपया लवकर कळवा.