ग्वाल्हेरचा उन्हाळा, खिडकीचा कूलर आणि सॉलिड लाकडाची गिटार: आर्द्रता कशी सांभाळावी?

लष्करची_तार (प्रश्न)

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जुन्या दगडी घरात १० बाय १२ फुटांची खोली, खिडकीला कूलर. गिटार ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद अंगाची) आहे. टॉप (पुढची फळी) स्प्रूसचा, मागची आणि बाजूची लाकडंही सॉलिड, म्हणजे प्लायवूड नाही. भिंतीवर टांगलेली असते. कूलर बंद असला की हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं मीटर) २४ टक्के दाखवतो, दोन-तीन तास चालला की ७०. सध्या फ्रेटची (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचतात आणि तारा जागोजागी झणझणतात. पावसाळ्यात उलट होतं, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वर चढते. खोली सांभाळायची की केस (गिटारची पेटी)? शिवाय इंटरनेटवर जो तो ‘हिवाळ्यात ह्युमिडिफायर लावा’ म्हणतो, ते आपल्याकडे लागू पडतं का?

सहावी_तार

नाही पडत. तो सल्ला बाहेर बर्फ आणि घरात हीटिंग असलेल्या देशांचा. ग्वाल्हेरला डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं, हवा दमट असते. आपला कोरडा काळ होळीपासून पाऊस येईपर्यंत, आणि त्यातही लू चालते ते एप्रिल-मे सगळ्यात वाईट. ओलावा द्यायचा तो तेव्हा.

गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. तुमचं २४ वाईट आहेच, पण रोज २४ वरून ७० आणि परत २४, हा झोका जास्त घातक. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाही. टॉपला आतून चिकटवलेल्या पट्ट्या त्या रेषांना छेदून जातात आणि टॉपबरोबर आक्रसत नाहीत. टॉप आवळू पाहतो, पट्ट्या धरून ठेवतात. ताण सहन झाला नाही की रेषेत चीर पडते. फ्रेटची टोकं टोचतात तीही याच कारणाने: फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली फळी) आक्रसला, धातू तेवढाच राहिला. आत्ता ती कानशीने घासायला देऊ नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की घासलेली टोकं कडेच्या आत राहतील.

तेव्हा आधी केस. भिंतीवरून आजच उतरवा आणि हार्ड केसमध्ये ठेवा, झाकणाच्या सगळ्या कड्या लावून. कापडी गिग बॅग ओलावा धरत नाही, त्यात पैसे घातले तरी वाया. केसमध्ये दुहेरी काम करणारी पाकिटं ठेवा: बोवेडाची ४९ टक्केवाली किंवा डॅडारिओची ह्युमिडिपॅक. ही कोरड्यात पाणी सोडतात, दमटात ओढून घेतात. दोन पाकिटं जोड-पिशवीत घालून तारांवरून साउंडहोलमध्ये (टॉपच्या गोल भोकात) सोडा, तिसरं हेडस्टॉकखाली (दांड्याच्या खुंट्यांच्या टोकाखाली). हात लावून बघत राहा; पाकीट कडक, दाणेदार झालं की संपलं, बदला.

कोमल_गंधार

पाकिटं महाग वाटत असतील तर उन्हाळ्यापुरता घरचा उपाय. झाकणाच्या प्लास्टिकच्या साबणदाणीला वरून १०-१२ भोकं पाडा, आत भांड्याचा सेल्युलोज स्पंज कापून बसवा. स्पंज डिस्टिल्ड पाण्यात भिजवून असा पिळा की दाबला तरी थेंब पडणार नाही. केसमध्ये हेडस्टॉकखाली ठेवा, लाकडाला टेकवू नका. दर दोन-तीन दिवसांनी पाणी, आणि वास आला की स्पंज फेकून नवा. बुरशी स्पंजमधून केसच्या मखमलीत जाते आणि मग निघत नाही. ही साबणदाणी फक्त ओलावा देते, काढून घेत नाही, म्हणून पहिला पाऊस आला की बाहेर.

आणि हायग्रोमीटर तपासलात का? स्वस्त मीटर पाच-सात टक्के सहज चुकतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यावर थेंब-थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं होईपर्यंत. विरघळून पातळ झालं तर मीठ वाढवा. ते झाकण आणि मीटर एका पारदर्शक हवाबंद डब्यात २४ तास, कूलरच्या झोतापासून लांब. मीटरने ७५ दाखवायला हवं. ७० दाखवलं तर नेहमी ५ मिळवून वाचा. मग मीटर खोलीत नको, केसमध्ये ठेवा. गिटारला जी हवा लागते तीच मोजायची.

ओलीची_भिंत

पावसाळ्याचं मी सांगते. कूलर चालवायचाच असेल तर पंप बंद करून नुसता पंखा. दगडी भिंत ओल धरून ठेवते, त्यामुळे केस बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवरही नको. लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर.

खोलीच कोरडी करायची असेल तर एसीचा ड्राय मोड, किंवा कॉम्प्रेसरचा डीह्युमिडिफायर, दिवसाला १०-१२ लिटरवाला. दारं-खिडक्या बंद हव्यात, आणि यंत्र खोली तापवतं हे धरून चाला. कॉम्प्रेसर नसलेले छोटे पेल्टियरचे डबे दिवसाला अर्धा लिटरही ओढत नाहीत, कपाटापुरते ठीक.

केसमध्ये सिलिका जेल चालेल, कापडी पिशवीत १०० ग्रॅमच्या आसपास, पण मीटरवर नजर ठेवून. सिलिकाला ५० वर थांबायचं कळत नाही, बंद केसमध्ये ती खाली खेचतच जाते. नारंगी घ्या, निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास. बाजारात मिळणारे पाणी साठवणारे ओल-शोषक डबे केसमध्ये कधीही नकोत. ते पाणी म्हणजे कॅल्शियम क्लोराईडचं खारट द्रावण, सांडलं तर फ्रेट आणि ट्यूनर खातं. तांदूळ, कोळसा, कापूर यांनी काही होत नाही. तांदळाने किडे तेवढे येतात.

घरात तंबोरा असेल तर त्यालाही हेच. भोपळ्याला बुरशी लवकर लागते.

लष्करची_तार

आभार, सगळ्यांचेच. मिठाची चाचणी आज लावतो. झणझण थांबवायला तोवर ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे दांड्याच्या आतली धातूची सळई) पाव फेरी सैल करू का?

सहावी_तार

थांबा. ट्रस रॉडने नेकचा बाक बदलतो, कोरडेपणाने खचलेला टॉप वर येत नाही. केसमध्ये ४५ च्या वर आर्द्रता स्थिर ठेवून दोन आठवडे जाऊ द्या. घाईने जास्त पाणी देऊ नका. मग ब्रिजच्या (तारा अडकवलेल्या लाकडाच्या) मागे टॉपवर आडवी सरळ पट्टी धरा. टॉपला किंचित फुगीरपणा असायला हवा. पट्टीच्या मधोमध फट दिसत असेल तर लाकूड अजून कोरडंच आहे. टॉप ठीक झाल्यावर पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार चौदाव्यावर दाबा आणि सातव्या फ्रेटशी फट मोजा. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर असेल तर रॉडला हात लावायचं कारणच नाही. फट अजिबात नसेल तरच सैल करा, एका वेळी एक-अष्टमांश फेरी, आणि पुन्हा मोजा.