शेरू लंगडतोय, कोणी खाली आहे का?

सुनीता ए-२०४: गेटवरचा कुत्रा, शेरू, बघितला का कोणी? काल रात्री ठणठणीत होता. आत्ता पुढचा उजवा पाय टेकवतच नाहीये.

प्रकाशकाका बी-१०१: गाडीचा धक्का लागला असणार. बिस्किटात अर्धी कॉम्बिफ्लाम घाला, तासाभरात पळेल.

मृणाल सी-३०३: काका, नको!! त्यात आयबुप्रोफेन असतं. कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडन्या जातात. क्रोसिनपण नाही. कोणी दिली नाही ना अजून?

प्रकाशकाका बी-१०१: नाही दिली. आमच्याकडे गावाला सर्रास द्यायचे.

मृणाल सी-३०३: सुनीताताई, पाय लोंबकळतोय का? वेडावाकडा दिसतोय? तसं असेल तर हाड मोडलंय असं समजून काही न चोळता सरळ परळला बैलघोड्यात, म्हणजे जनावरांच्या हॉस्पिटलात न्यायचं.

सुनीता ए-२०४: नाही गं, पाय सरळ आहे. पंजा सारखा चाटतोय. वॉचमनच्या केबिनपाशी रक्ताचे ठिपके पण आहेत.

मृणाल सी-३०३: मग पंज्यातच काहीतरी आहे. गादी कापली असेल, नाहीतर नख मुळाशी तुटलं असेल. बोटांच्या बेचक्यात काटा, गोचीड काहीही असू शकतं. पण आधी तोंड बांधायचं. शेरू कितीही गरीब असला तरी दुखऱ्या जागी हात लागला की चावणार. जुनी ओढणी घ्या, तोंडाला दोन वेढे, हनुवटीखाली एक गाठ, मग टोकं कानांमागे. धापा टाकत असेल तर बांधू नका, त्याला तोंडानेच गार व्हायचं असतं. मी येतेय. टॉर्च धरायला कोणीतरी या.

अमेय बी-४०२: आलो

प्रकाशकाका बी-१०१: हळद दाबून भरा जखमेत.

मृणाल सी-३०३: काका 🙏 हळद भरली की डॉक्टरांना आत काय आहे ते दिसत नाही. डेटॉल, फिनेलही नको, चाटतो तो.

सुनीता ए-२०४: 📷 मधल्या बोटाच्या गादीत काच होती. पातळ, पांढरी, ट्यूबलाइटची वाटतेय. वरच होती म्हणून मृणालने चिमट्याने काढली, खोल असती तर हात लावणार नव्हती. सलाइनने धुतलं, स्वच्छ फडकं दाबून धरलं. मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही म्हणे, रक्त परत सुरू होतं. थांबलंय आता.

मृणाल सी-३०३: बोटांमध्ये कापूस ठेवून सैल पट्टी बांधलीय. बोटं सुजलेली किंवा गार वाटली तर लगेच सोडा. काप खोल आहे, टाका लागेल बहुतेक. रिक्षा बोलावलीय.

अमेय बी-४०२: मला थोडा दात लागला 😬 खरचटलंय फक्त

मृणाल सी-३०३: नळाखाली साबणाने १५ मिनिटं धू, घड्याळ लावून. आणि आजच रेबीजचं इंजेक्शन घे. शेरूचा कान कापलेला आहे म्हणजे नसबंदीच्या वेळी लस झाली असणार, पण ती कधी ते कोणाला माहितीय?

अमेय बी-४०२: ओके, निघतो

सेक्रेटरी: जुन्या ट्यूब पार्किंगच्या भिंतीला कोणी टेकवून ठेवल्या होत्या? एक फुटलीय. बी विंगवाल्यांनी बाइक पुढे घ्या, झाडू मारायचाय. मुलांना तिकडे सोडू नका.

प्रकाशकाका बी-१०१: माझ्या होत्या. येतो खाली. रिक्षाचे पैसे माझ्याकडून घ्या.