‘अ‍ॅटिपिकल’ आणि ‘सस्पिशिअस’ दोन्हींना ‘संशयास्पद’ म्हणावं का?

प्रश्न : रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं मराठी करते आहे. विषय पित्तनलिकेचा कर्करोग. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोचण्याची प्रक्रिया) करताना नलिकेच्या अरुंद जागी ब्रश फिरवून पेशी घेतात, त्या तपासणीच्या रिपोर्टमधले शब्द अडलेत. ‘अ‍ॅटिपिकल’ आणि ‘सस्पिशिअस’ या दोन्हींना ‘संशयास्पद’ चालेल का? आणि ‘निगेटिव्ह’ला सरळ ‘कर्करोग नाही’ लिहू?

उत्तर : दोन्हींना एकच शब्द कृपया नको. या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. ‘सस्पिशिअस’मध्ये कर्करोगाची बरीचशी लक्षणं दिसतात, पण ठाम निदानाला पुरेल इतकं काही हाती नसतं. ‘अ‍ॅटिपिकल’मध्ये पेशी नेहमीसारख्या नाहीत, एवढंच पॅथॉलॉजिस्ट म्हणतो. कारण साधी सूजही असू शकते. ‘सस्पिशिअस’ला ‘कर्करोगाचा दाट संशय’, ‘अ‍ॅटिपिकल’ला ‘पेशींमध्ये बदल, अर्थ अनिश्चित’ असं लिहा. लांबलं तरी चालेल.

हा मधला, अनिश्चित प्रकार पित्तनलिकेत वारंवार येतो, त्याला कारण आहे. निरोगी पेशींचा थर काचेवर मधाच्या पोळ्यासारखा दिसतो, केंद्रकं सारख्या अंतरावर. कर्करोगात ही रचना मोडते, केंद्रकं लहानमोठी होतात, त्यांच्या कडा वेड्यावाकड्या होतात. पण स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) घातलेला असेल, खडे असतील किंवा नलिकेला जंतुसंसर्ग झाला असेल, तर निरोगी पेशींची केंद्रकंही फुगतात, त्यातला ठिपका ठळक होतो. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस (दीर्घकाळच्या सुजेने पित्तनलिका अरुंद होत जाण्याचा आजार) असलेल्या रुग्णात तर दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात, आणि नेमका त्यालाच या कर्करोगाचा धोका जास्त. म्हणून स्टेंटचा उल्लेख नमुन्यासोबत पाठवायलाच हवा. तो नसेल तर नमुना तपासणारा पॅथॉलॉजिस्ट अंधारात असतो.

प्रश्न : मग ‘निगेटिव्ह’?

उत्तर : ‘कर्करोग नाही’ हे चूक आहे, आणि घातक आहे. ही गाठ पुष्कळदा तंतुमय असते, आवरणाखालून पसरते. ब्रश वरवर फिरतो, पेशी थोड्याच निघतात. ब्रशिंगची संवेदनशीलता, म्हणजे असलेला कर्करोग पकडण्याचं प्रमाण, साधारण निम्म्याच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी भरते. उलट ‘पॉझिटिव्ह’ आला तर तो सहसा खरा असतो. तेव्हा लिहा : ‘तपासलेल्या नमुन्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’. नमुन्यात पुरेशा पेशीच नसतील तर तो ‘निगेटिव्ह’ नव्हे, ‘अपुरा नमुना’. हे दोन एकत्र करू नका.

आणखी एक उत्तर : वरच्याशी सहमत. पापानिकोलाउ सोसायटी या पेशी-तपासणी तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१४च्या वर्गवारीत आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या वर्गवारीतही ‘अ‍ॅटिपिकल’ आणि ‘सस्पिशिअस’ वेगळेच ठेवले आहेत. पत्रकात पुढची वाटही सांगा : पुन्हा ब्रशिंग, दुर्बिणीने नलिकेत पाहून घेतलेली बायोप्सी, गुणसूत्रांसाठी फिश तपासणी. ‘सीए १९-९’ या रक्तातल्या कर्करोग-सूचक घटकाबद्दल लिहिलंत तर तो पित्त तुंबल्यानेही वाढतो हे जोडा, नाहीतर वाढलेला आकडा पाहून माणूस हबकतो.

प्रश्न : आणि ‘रिअ‍ॅक्टिव्ह’? ‘प्रतिक्रियात्मक’ लिहिलं होतं, पण वाचणाऱ्याला काही कळेलसं वाटत नाही.

उत्तर : ‘सुजेमुळे झालेले बदल’ लिहा. आणि लगेच पुढे, हे बदल स्वतः कर्करोग नव्हेत, पण फक्त त्यावरून कर्करोग नाही असंही ठरत नाही.